उन्हाळी शिबिरात शरीर काय शिकते?

बास्केटबॉल हा खेळ मुळात एका अल्पमुदतीच्या कामातून जन्माला आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत १८९१ साली जेम्स नेस्मिथ नावाचे शारीरिक शिक्षणाचे एक तरुण शिक्षक होते. बाहेर थंडी, मैदाने बंद आणि वर्गातील मुले रोजच्या कवायतीला कंटाळलेली. वरिष्ठांनी त्यांना चौदा दिवसांची मुदत दिली आणि बंद दालनात खेळता येईल असा नवा खेळ काढण्यास सांगितले. नेस्मिथ यांनी दालनाच्या सज्जाला दोन बाजूंना पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि मुलांच्या हाती फुटबॉल दिला. सज्जा दहा फुटांवर होता म्हणून टोपल्या दहा फुटांवर लागल्या. आजही बास्केटबॉलची रिंग तेवढ्याच उंचीवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. हेच नेस्मिथ पुढे वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टरही झाले.

खेळ चौदा दिवसांत तयार झाला खरा. खेळाडू मात्र चौदा दिवसांत तयार होत नाही. दर वर्षी वार्षिक परीक्षा आटोपल्या की नागपूर, कामठी आणि आसपासच्या गावांत उन्हाळी क्रीडा शिबिरांचे फलक लागतात. कुठे दहा दिवस, कुठे एकवीस दिवस, कुठे पुरा महिना. पालक पैसे भरतात, नवे बूट घेतात, आणि शिबिर संपल्यावर विचारतात, ‘मग, काय फरक पडला?’ या प्रश्नाचे उत्तर आज थोडे सविस्तर पाहू. कारण या अल्प काळात शरीरात काय बदलते आणि काय बदलत नाही, हे कळले तर मुलाचा फायदाही होईल आणि त्याचा गुडघाही वाचेल.

सामना म्हणजे काय मेहनत?

बाहेरून पाहणाऱ्याला बास्केटबॉल म्हणजे उंच मुलांनी चेंडू टाकण्याचा खेळ वाटतो. कोर्ट अवघे २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. यात थकण्यासारखे काय आहे? ऑस्ट्रेलियातील अव्वल खेळाडूंचा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका सामन्यात खेळाडू सुमारे एक हजार वेळा आपली हालचाल बदलतो असे दिसून आले. म्हणजे उभा असेल तर धावतो, धावत असेल तर आडवा सरकतो, सरकता सरकता उडी मारतो. आणि हे साधारण दर दोन सेकंदांनी. पूर्ण जोराची धाव किंवा झेप सरासरी दर एकवीस सेकंदांनी येते. उड्या चाळीसहून अधिक. या सगळ्यात हृदयाचे ठोके बहुतेक वेळ कमाल मर्यादेच्या जवळ राहतात.

म्हणून केवळ मैदानाला दहा फेऱ्या मारून बास्केटबॉलचा दम तयार होत नाही. आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी शिबिराची सुरुवात त्या फेऱ्यांनीच होते. कामठी ही १८२१ पासूनची छावणी. गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र इथेच, एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमीही इथेच. त्यामुळे ‘तयारी म्हणजे धावणे’ ही समजूत इथे पक्की असल्यास नवल नाही. सैन्यभरतीच्या सोळाशे मीटरसाठी ती तयारी योग्यच. बास्केटबॉलला मात्र छोट्या, तीव्र धावा आणि मध्ये थोडी विश्रांती अशी मेहनत लागते. पंधरा-वीस सेकंद जोरात, तीस-चाळीस सेकंद चालत, असे सहा-आठ वेळा; मग तीन मिनिटे थांबून पुन्हा एकदा. हीच मेहनत हातात चेंडू घेऊन केली तर दम आणि कौशल्य यांचा सराव एकत्र होतो आणि मुले कंटाळतही नाहीत.

आधी मज्जातंतू, शेवटी कंडरा

आता मुख्य मुद्दा. शिबिर सुरू झाल्यावर शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने सुधारत नाहीत. प्रत्येकाचे स्वतःचे घड्याळ आहे.

सर्वांत आधी शिकते ती मज्जासंस्था. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुलगा अधिक उंच उडू लागला, अधिक उठाबशा काढू लागला, तर त्याचे स्नायू जाड झाले असे समजू नये. मेंदूने स्नायूंना हुकूम देण्याची पद्धत सुधारली, एवढाच त्याचा अर्थ. आधी जे स्नायुतंतू आळशासारखे पडून होते ते आता कामाला येतात, आणि कोणी कधी ताणायचे, कधी सैल सोडायचे हा मेळ बसतो. स्नायूंची खरी वाढ दिसायला साधारण सहा-आठ आठवडे आणि पुरेसे जेवण लागते.

रक्ताचे घड्याळही वेगवान आहे. नियमित मेहनतीच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदयाला एका ठोक्यात अधिक रक्त ढकलता येते आणि तीच धाव कमी ठोक्यांत होऊ लागते. खरा टिकाऊ दम मात्र चार-सहा आठवड्यांनंतर येतो.

सर्वांत संथ आहेत त्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जखडून ठेवणाऱ्या दोऱ्या, आणि त्यांच्या सोबतीला हाडे. कंडरांना रक्तपुरवठा कमी, आणि दोघांनाही बळकट व्हायला काही महिने लागतात. खरी गोम इथेच आहे. पंधराव्या दिवशी मुलाला वाटते, आपण आता दुप्पट ताकदवान झालो. सरांनाही तसेच दिसते. सराव वाढवला जातो, उड्या वाढतात. पण गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा अजून पहिल्या दिवशी होती तशीच असते. मग गुडघ्याखाली दुखू लागते, टाच धरते, नडगीच्या हाडावर कळ येते. अकरा ते पंधरा वर्षांच्या, झपाट्याने उंच होणाऱ्या मुलांत तर गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा सुजून दुखणे ही नेहमीची तक्रार आहे. हे दुखणे धोक्याचे नसते, पण ‘सहन कर, खेळाडू हो’ असे म्हणून वाढवण्यासारखेही नसते. उड्या काही दिवस बंद ठेवाव्यात, बर्फाने शेकावे, नेमबाजीचा उभ्याने सराव चालू ठेवावा.

यासाठी नियम सोपा आहे. उड्यांचा खास व्यायाम आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर. नवशिक्याने एका वेळी साठ-ऐंशी उड्यांच्या पुढे जाऊ नये, आणि त्यात सामन्यातील व रिबाउंडच्या सरावातील उड्याही मोजाव्यात. शिबिर महिन्याचे असो वा दहा दिवसांचे, मेहनत थोडी थोडी वाढवायची. दहा दिवसांच्या शिबिरात महिनाभराचे काम कोंबणारा प्रशिक्षक मेहनती दिसतो, शहाणा नव्हे.

वैशाख आणि सिमेंटचे कोर्ट

नेस्मिथ यांनी खेळ काढला तो बर्फाळ हिवाळ्यात छपराखाली खेळण्यासाठी. आपण तो खेळतो उघड्या सिमेंटवर, एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा नागपूर-कामठीचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि नवतपात त्याच्याही वर जातो. शिबिराचा सर्वांत मोठा धोका गुडघ्याचा नसून उन्हाचा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

शरीर उन्हाला सरावते, हे खरे. पण त्यासाठी उन्हात रोज थोडी थोडी मेहनत करत दहा ते चौदा दिवस जावे लागतात. सरावलेल्या शरीराला घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. परीक्षेसाठी दोन महिने पंख्याखाली किंवा कूलरसमोर बसलेला मुलगा पहिल्याच दिवशी दोन तास कोर्टवर धावला तर त्याच्याकडे हे संरक्षण नसते. पहिल्या चार-पाच दिवसांत सत्र पाऊण तासाचे आणि हलके ठेवावे. नेमके याच दिवसांत ‘मुलांना वळण लागावे’ म्हणून कठोर मेहनत करवून घेतली जाते.

सराव पहाटे साडेपाचला सुरू करून साडेसातच्या आत आटोपावा. संध्याकाळी हवा थोडी निवली तरी दिवसभर तापलेले सिमेंट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असते, त्यामुळे पाचची वेळ या दिवसांत उपयोगाची नाही. हात टेकवून पाहावा. तळवा सहज ठेवता येत नसेल तर मुलांना त्यावर पळवू नये.

पाणी किती प्यावे, यावर प्रत्येकाचा वेगळा सल्ला असतो. मी म्हणेन, घरच्या किंवा दवाखान्याच्या काट्यावर सरावाआधी आणि नंतर वजन करा. ४५ किलोचा मुलगा परत आल्यावर ४४ किलो भरला तर त्याने सुमारे एक लिटर पाणी घामावाटे गमावले आणि दोन टक्क्यांची मर्यादा ओलांडली. त्याने पुढच्या दोन-तीन तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, ताक, पन्हे किंवा लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घोटाघोटाने प्यावे आणि दुसऱ्या दिवशी सरावात दर पंधरा मिनिटांनी पाणी घ्यावे. उलट वजन वाढले असेल तर तो गरजेपेक्षा जास्त पाणी पितो आहे. तेही चांगले नाही. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ या घरगुती मिश्रणापुढे बाटलीबंद रंगीत पेयांना या कामासाठी काही जास्त किंमत नाही.

ऊन लागल्याची खूण म्हणजे नुसता थकवा नव्हे. मुलगा असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, स्वतःच्या बाजूचे कडे विसरला, तर त्याच्या मेंदूपर्यंत उष्णता पोहोचली आहे. घाम येत असला तरी हा उष्माघात असू शकतो. अशा वेळी गाडी शोधण्यात पहिली दहा मिनिटे घालवू नयेत. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. पाण्याच्या टाक्यात किंवा मोठ्या टबात गळ्यापर्यंत बसवावे, डोके धरून ठेवावे, बर्फ असल्यास टाकावा. टाके नसेल तर बादल्यांनी सतत पाणी ओतावे, ओली चादर गुंडाळावी, वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. पहिल्या अर्ध्या तासातील थंडाव्यावर जीव अवलंबून असतो. प्रत्येक शिबिराच्या ठिकाणी भरलेला टब आणि बर्फाची पेटी असावी, आणि पालकांनी शुल्काची पावती घेताना ती कुठे आहे हे विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

सिकलसेलची एक तपासणी

विदर्भात याला जोडून दुसरी एक गोष्ट येते, आणि ती क्रीडा शिबिराच्या अर्जावर क्वचितच विचारली जाते. आपल्या भागात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्याला आई आणि वडील दोघांकडून हा दोष मिळाला तो रुग्ण. त्याने खेळायचे की नाही, किती खेळायचे, हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावे. पण ज्याला एकाच बाजूने मिळाला तो वाहक. तो एरवी ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही माहीत नसते, आणि तो उत्तम खेळाडू होऊ शकतो.

मात्र अंगावर एकदम जोराची मेहनत आली, वर ऊन असले आणि शरीरात पाणी कमी असले तर वाहकाच्या रक्तपेशीही विळ्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. अमेरिकेच्या सैन्यातील भरतीच्या जवानांवरचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहक जवानांना प्रशिक्षणात अचानक मृत्यूचा धोका इतरांपेक्षा सुमारे तीसपट आढळला. हे वाचून घाबरण्यापूर्वी पुढचे वाचावे. त्यानंतर तिथे सगळ्यांसाठीच पाणी, विश्रांती आणि हळूहळू मेहनत वाढवण्याचे नियम आले. २०१६ साली सुमारे ४८ हजार सैनिकांचा नवा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचा मृत्युदर इतरांहून जास्त आढळला नाही. स्नायू विरघळण्याचा धोका मात्र दीडपट राहिला. वाहकपण तेच, माणसे तशीच. प्रशिक्षण बदलले आणि मृत्यू टळले.

शिबिराला याहून मोठा धडा दुसरा नाही. वाहक मुलाला शिबिरातून काढायचे नसते. शिबिर सगळ्यांसाठी शहाणपणाने चालवायचे असते. तपासणी साध्या रक्ताच्या थेंबाने होते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून शासकीय दवाखान्यांत तपासणीची सोय आहे. अहवाल आल्यावर तो प्रशिक्षकांना खाजगीत सांगावा. ही काही लाजेची गोष्ट नाही आणि कोण्या एका समाजाची तर मुळीच नाही.

प्रशिक्षकांनी एक खूण लक्षात ठेवावी. जोराच्या धावा सुरू झाल्यावर काही मिनिटांतच एखाद्या मुलाच्या मांड्या, कंबर दुखू लागली, पाय गळून गेले आणि तो शुद्धीत, बोलत असतानाच खाली बसला, तर त्याला ‘नाटक करतो’ म्हणून उठवू नये. तिथेच थांबवावे, सावलीत न्यावे, पाणी द्यावे, आणि काही मिनिटांत बरे वाटले नाही तर थेट रुग्णालयात न्यावे. ‘आणखी एक फेरी’ हा हट्ट अशा वेळी जीवघेणा ठरू शकतो.

उडी मारणे सोपे, उतरणे कठीण

मुलींच्या बाबतीत एक वेगळी काळजी आहे. नागपूरच्या सिया देवधरने भारताच्या संघातून खेळून, आणि पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचे कर्णधारपद भूषवून आपल्या मुलींसमोर चांगले उदाहरण ठेवले आहे. कोर्टवर मुलींची संख्या वाढते आहे ही आनंदाची गोष्ट. पण त्याच खेळात, त्याच मैदानावर, गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींत मुलांच्या दोन ते चारपट असते. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. कुणी धक्का मारलेला नसतो. मुलगी रिबाउंड घेऊन उतरते किंवा धावता धावता एकदम वळते, गुडघा आत झुकतो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि तासाभरात गुडघा सुजतो. मग शस्त्रक्रिया, आठ-दहा महिने घरी, आणि बहुतेक घरांत त्यानंतर खेळ कायमचा बंद. पाच टक्के क्रीडा आरक्षणातून नोकरीचे स्वप्न पाहणाऱ्या मुलीसाठी ही दुखापत केवळ गुडघ्याची राहत नाही.

याचा बराचसा भाग टाळता येतो, आणि नेमका याच कामासाठी अल्पमुदतीचा वर्ग फार उपयोगी आहे. कारण इथे स्नायू वाढवायचे नसून मेंदूला शिकवायचे आहे, आणि मेंदू लवकर शिकतो. रोजच्या सरावाआधी दहा-पंधरा मिनिटे. दोन्ही पायांवर उतरायचे. गुडघे वाकलेले, पाऊल आणि गुडघा एका रेषेत, नितंब मागे, जणू खुर्चीवर बसतो आहोत. उतरताना आवाज आला की उतरणे चुकले, असे मुलींना सांगावे. मांजरीसारखे उतरा, एवढे त्यांना पुरते. समोर मैत्रीण उभी करून एकमेकींचे गुडघे आत जातात का ते बघायला लावावे. मग एका पायावर उतरणे, मग वळून उतरणे, मग चेंडू झेलत उतरणे. जोडीला मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, एका पायावरच्या बैठका आणि पोटाचे व्यायाम. अशा कार्यक्रमाने मुलींतील या दुखापती साधारण निम्म्याने कमी होतात असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अट एकच, तो शिबिरानंतरही आठवड्यातून दोन-तीनदा चालू राहिला पाहिजे.

घोट्याचेही असेच. बास्केटबॉलमधील सर्वांत सामान्य दुखापत म्हणजे घोटा मुरगळणे, आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो. अनवाणी एका पायावर अर्धा मिनिट उभे राहणे, मग डोळे मिटून, मग त्या अवस्थेत चेंडू भिंतीवर टाकून झेलणे. दात घासताना एका पायावर उभे राहायची सवय लावली तर वेगळा वेळही काढावा लागत नाही. बूट महागडे नसले तरी चालतील, पण तळ गुळगुळीत झालेले नसावेत. धूळ साचलेल्या सिमेंटवर झिजलेला बूट म्हणजे ओल्या फरशीवरची चप्पल. सरावाआधी कोर्ट झाडून घेणे हाही व्यायामच समजावा.

एकाच जागेवरून शंभर चेंडू?

कौशल्याच्या बाबतीत एक गंमतीदार प्रयोग सांगतो. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आठ वर्षांच्या मुलांना जमिनीवरील खुणेवर वाळूच्या पिशवीसारख्या छोट्या पिशव्या टाकायला दिल्या. एका गटाने कायम तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून मुळीच नाही. बारा आठवड्यांनी परीक्षा घेतली ती तीन फुटांवरची. जिंकला दुसरा गट! ज्यांनी त्या अंतरावरून एकदाही पिशवी टाकली नव्हती, त्यांनीच ती अधिक अचूक टाकली.

सरावात मिसळ असावी ती यासाठी. एकाच जागेवरून शंभर चेंडू टाकले तर शेवटचे वीस छान पडतात, मुलगा खूश, सर खूश. पण दुसऱ्या दिवशी ती सफाई राहत नाही. पाच जागा, दर वेळी वेगळी, मध्ये एक ले-अप, एक पास, असे केले तर सरावात चेंडू जास्त चुकतात, पण सामन्यात कमी चुकतात. पालक बाहेर उभे राहून चुकलेले चेंडू मोजत असतील तर त्यांना हे आधी समजावून सांगावे. अगदी नवशिक्याला मात्र हाताचा आकार बसेपर्यंत दोन-चार दिवस कड्याजवळ एकाच जागेवरून टाकू द्यावे.

आणि लहान मुलांना मोठा चेंडू देऊ नये. बारा वर्षांखालील मुलांसाठी पाच क्रमांकाचा चेंडू आणि २.६० मीटरची रिंग असते. दहा फुटांच्या रिंगकडे सात क्रमांकाचा चेंडू फेकण्यासाठी दहा वर्षांचा मुलगा कंबरेतून वाकून, दोन्ही हातांनी, खांद्याला झटका देऊन फेकतो. तीच सवय पुढे दहा वर्षे जात नाही. मुलींसाठी सहा क्रमांकाचा चेंडू आहे; शाळेत एकच चेंडू असतो म्हणून त्यांना सातचा देतात, ते बरोबर नाही.

जाता जाता, बास्केटबॉल खेळल्याने उंची वाढते का, हा पालकांचा ठरलेला प्रश्न. वाढत नाही. उंच मुले या खेळात टिकतात म्हणून तसे वाटते. उंची येते आई-वडिलांकडून आणि ताटातून.

ताट आणि अंथरूण

ताटाचे म्हणाल तर प्रोटीनच्या डब्यावर हजार-दीड हजार रुपये घालवण्याआधी मुलगा सरावाला काय खाऊन जातो ते पाहा. पहाटे बहुतेक मुले नुसता चहा पिऊन येतात. एक केळे किंवा दोन खारका आणि अर्धा ग्लास पाणी पुरे. परतल्यावर तासाभरात भरपेट न्याहारी हवी. रात्री भिजवलेले चणे किंवा मोड आलेली मटकी, भाकरी किंवा पोळी, दही, चालत असेल तर दोन अंडी, आणि मूठभर शेंगदाणे-गूळ. मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाकडे दुर्लक्ष करू नये. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत हिमोग्लोबिन कमी आहे. अशी मुलगी दमते ती आळसाने नव्हे. तिला आणखी फेऱ्या मारायला लावून दम वाढणार नाही. सिकलसेलच्या तपासणीसोबतच हिमोग्लोबिनही बघून घ्यावे आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्याव्यात. पालेभाजीवर लिंबू पिळावे, जेवणाला लागून चहा टाळावा.

झोपेबद्दल तर एक अभ्यासच आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातील अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितले. बाकी काही नवे केले नाही. फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्क्यांनी वाढली, धावण्याचा वेळही कमी झाला. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. खेळाडू थोडे होते, तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा आकडे ब्रह्मवाक्य मानू नयेत. पण पहाटे पाचला उठणारा मुलगा लग्नाच्या वरातीत रात्री बारापर्यंत नाचत असेल, किंवा मोबाईल घेऊन गच्चीवर पडून असेल, तर त्याची नेमबाजी सुधारणार कशी? शिबिराच्या दिवसांत साडेनऊला दिवे बंद आणि दुपारी तासभर झोप, एवढे घरच्यांनी सांभाळावे.

शिबिर संपल्यावर

विदर्भात व्यायामाच्या शास्त्रशुद्ध शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आखाड्यात वाढलेल्या त्या पिढीला पंधरा दिवसांत मल्ल होत नाही हे सांगावे लागत नसे. आपण मात्र समारोपाला प्रमाणपत्र घेतो, फोटो काढतो आणि चेंडू पलंगाखाली जातो.

मिळवलेला दम तीन-चार आठवड्यांत ओसरू लागतो. ताकद थोडी जास्त टिकते. कौशल्य सर्वांत जास्त टिकते. आपल्याकडे शिबिर मेअखेर संपते, शाळा जूनअखेर उघडतात, मग पाऊस लागतो, कोर्टवर पाणी साचते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात शालेय स्पर्धा येऊन ठेपतात. म्हणजे कमावलेले सगळे घालवायला पुरेपूर वेळ. यावर उपाय म्हणजे प्रमाण कमी करा पण जोर कमी करू नका. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-पाऊण तास. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात ड्रिबल, भिंतीवर पास, एका पायावरच्या बैठका आणि जिन्याच्या छोट्या जोरकस धावा करता येतात. उतरण्याचा सराव घराच्या ओसरीतही होतो.

शिबिराच्या पहिल्या दिवशी तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. भिंतीशी उभे राहून खडूने हात किती उंच पोहोचतो आणि उडी मारून किती वर पोहोचतो, यातले अंतर. वीस फ्री थ्रोंपैकी किती पडले. आणि कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा ये-जा करायला लागलेला वेळ. शेवटच्या दिवशी पुन्हा मोजावे; पण त्या दिवशीच्या आकड्यांवर फार हुरळू नये, कारण चाचणीची सवय झाल्यानेही ते थोडे सुधारतात. तीच वही घेऊन १५ ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर मैदान कोरडे असेल तर तिसऱ्यांदा मोजावे. शिबिराचे खरे गुण त्या तिसऱ्या रकान्यात मिळतील.